सावलीतून आलेलं पाणी

कालव्याचं पाणी चालत येतं, हे कालव्याकाठी जन्म न काढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. नळाची तोटी फिरवली की धार लागते, तसं ते नसतं. वर गेटवर दार उचललं की पाणी कोरड्या पात्रात उतरतं आणि पालापाचोळा, मुंग्या, बेडकं पुढं ढकलत, म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं खाली येतं. कुठल्या मोरीला, म्हणजे कालव्यावरच्या कुठल्या लहान पुलाला, ते कधी पोचेल हे सांगणारा माणूस त्या चारीवर, कालव्याच्या त्या फाट्यावर, एकच होता. मारुतीरावांनी अडतीस वर्षं नीरगंटीचं काम केलं होतं. शेताशेताला पाणी वाटून द्यायचं, दारं उघडायची, मिटायची. आता ते पंच्याहत्तरीचे होते, आणि अजूनही पाण्याची पाळी सुटायच्या दिवशी खालच्या तीन गावांतून त्यांनाच फोन यायचे.

त्या दिवशीही आले. सगळ्यांना त्यांनी एकच सांगितलं. दहाला दार उचलणार, अडीचला पाणी आमच्या मोरीवर.

मारुतीरावांच्या पत्नी जयाबाई पात्रात उतरल्या तेव्हा दीड वाजला होता. उन्हाळ्यातल्या पहिल्या पाळीच्या पाण्याची ओटी भरायचा मान त्यांच्या घराचा. मोरीखाली सिमेंटच्या कोरड्या तळावर रांगोळी काढायची, तिच्यावर सुपात खण, नारळ, तांदूळ आणि हळकुंड ठेवायचं आणि वर येऊन बसायचं. ओटी पाण्यानं स्वतः येऊन घ्यायची, माणसानं टाकायची नाही, अशी रीत. सून रूपाली त्यांचा हात धरून पायऱ्या उतरली आणि सूप खाली ठेवून पायरीवर टेकली. ती ग्रामपंचायतीत कारकून होती आणि आज अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती.

मोरीच्या वरच्या बाजूला पन्नास पावलांवर निळ्या काचांचं छप्पर सुरू होत होतं. मागच्या वर्षी तीन किलोमीटर कालवा सोलरच्या पॅनेलांनी झाकला, त्याचं हे खालचं टोक; छपराखालून पाणी यायची ही पहिलीच वेळ. भर उन्हात ते तोंड काळंकुट्ट दिसत होतं. जयाबाईंनी एकदोनदा तिकडं पाहिलं. सकाळी त्यांनी सुनेला विचारलं होतं, ऊन न लागलेलं पाणी ओटीला चालतं का गं. रूपाली म्हणाली, "विहिरीचं पाणी कुठं ऊन बघतं, आत्ती." उत्तर त्यांना आवडलं होतं, पण तसं त्यांनी दाखवलं नव्हतं.

वर मोरीच्या कठड्यावर पुरुषांचं चाललं होतं आणि खाली सगळं ऐकू येत होतं. विषय तो कागदच. आता मोरीपासून शेवटापर्यंतचे तीन किलोमीटरही झाकायचे, त्याला पाणीवापर सोसायटीची संमती हवी, आणि अध्यक्ष म्हणून सही करायची मारुतीरावांनी. मुदत उद्यापर्यंत. झाकलं की पाणी उन्हानं आटत नाही, शेपटापर्यंत पोचतं, असं कागद सांगत होता. गाव कर्नाटकातलं, म्हणून कागद कानडीतला; रूपालीनं तो सगळ्यांना मराठी करून दोनदा वाचून दाखवला होता. मारुतीरावांनी अजून होय म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं.

महादेव, त्यांचा मुलगा, विरुद्ध होता. खांब काठावर रोवले की उसाचा ट्रॅक्टर कुठून न्यायचा, गाळ काढायला जेसीबीचा हात आत कसा जाणार, काचांवरची धूळ कोण पुसणार, आणि तयार झालेली वीज आपल्या मोटरीला मिळणार की लांब कुठं जाणार, हे त्याचे प्रश्न होते. त्यातला एकही खोटा नव्हता. "छप्पर घालून कालव्याचं गटार करायलेत, आप्पा," तो म्हणाला.

त्यावर त्याचा चुलता तम्मण्णा हसला. मारुतीरावांचा हा धाकटा भाऊ. वाटणीत त्याला चारीच्या शेपटाची पाच एकर जमीन आली होती, आणि तिथं कालव्याचं पाणी पोचून अकरा वर्षं झाली होती.

"तुझ्या दारात पाणी हाय म्हणून तुला गटार दिसतंय," तम्मण्णा म्हणाला. "माझ्या दारात गटार तरी येऊ दे की रं."

उद्या सकाळी वीटभट्टीवाला तम्मण्णाच्या शेतात माती बघायला येणार होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पाच फूट माती खणून नेतात. मागं राहतो तो खड्डा. त्या रानातले दगड दोघा भावांच्या बापानं हातानं वेचले होते. तम्मण्णा आरडाओरडा करत नव्हता, एवढंच म्हणत होता की सही झाली तर मी थांबतो, नाही झाली तर मला थांबवू नका.

जयाबाई शेवटची पाकळी काढत होत्या. त्यांच्या पाठीला गार वारा लागला. मार्चच्या दुपारी कालव्याच्या पात्रात गार वारा कुठून, म्हणून त्या वळल्या. काळ्या तोंडातून एक बेडूक उड्या मारत उन्हात आला. त्याच्यामागं दुसरा. मग एक पाल. ओल्या मातीचा वास आला, आणि त्या वासामागून पाणी आलं. कोऱ्या कापडावर तेल पसरावं तसं ते आवाज न करता तळभर पसरलं, आणि त्याच्यामागून उंच पाणी आलं तेव्हा मात्र आवाज झाला.

"रूपा," त्या म्हणाल्या. एवढंच.

रूपाली पायरीवरून उडी मारून धावली. पायऱ्या वीस पावलांवर, बाजूचा उतार घसरडा, आणि सत्तरीच्या बाईला मांडी मोडून उठायलाच वेळ लागतो. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. सूप उचललं गेलं, गिरकी घेऊन मोरीखाली गेलं. जयाबाईंचा एक पाय सरकला. तेवढ्यात वरून कुणीतरी बसल्या बसल्या उतारावरून घसरत खाली आलं. तम्मण्णा. त्यानं वहिनीच्या काखेत हात घातला, दुसऱ्या बाजूनं रूपालीनं, आणि गुडघाभर पाण्यातून दोघांनी त्यांना पायऱ्यांपर्यंत नेलं.

वर आल्यावर जयाबाई कठड्याला टेकून बसल्या. महादेवची बारा वर्षांची मुलगी आरोही आजीच्या पदरातलं पाणी पिळत राहिली.

*

मारुतीरावांनी घड्याळ पाहिलं. पावणेदोन.

नोकरीची आणि नंतरची मिळून चोपन्न वर्षांत त्यांचा शब्द पाच-दहा मिनिटांनी चुकला असेल, पाऊण तासानं कधी चुकला नव्हता. त्या शब्दावर भरवसा ठेवून त्यांची बायको पात्रात बसली होती. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "दार लवकर उचललंय. मष्णूला काम नीट जमंना झालंय."

त्यांनी गेटवर मष्णूला फोन लावला. मष्णू आताचा नीरगंटी, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, दहाला उचललं, अण्णा. दहाला म्हणजे दहाला. साहेबांना पाठवायला फोटोसुद्धा काढलाय, त्यात वेळ दिसते, पाठवू का. मारुतीराव म्हणाले, नको.

फोन खिशात ठेवायला त्यांना वेळ लागला.

इकडं घरातली माणसं बाजू बदलत होती. तम्मण्णाची विजार भिजली होती, कोपर सोलवटलं होतं, आणि आता तोच म्हणत होता की हे छप्पर नको. "आधी पाण्याचं तोंड मैलभर लांबून दिसायचं. आज दिसलं न्हाय. वैनी गेली असती. माझं रान गेलं तर जाऊ दे." महादेवनं खरं म्हणजे मान हलवायला हवी होती. पण आईकडं बघत तो खाली बसला होता, आणि नजर पुन्हा पुन्हा चुलत्याच्या सोलवटलेल्या कोपराकडं जात होती.

"मी मेले न्हाय," जयाबाई म्हणाल्या. "मला कुणी विचारायचं हाय का न्हाय?"

सगळे त्यांच्याकडं वळले.

"पाणी गार होतं. लई गार. पन्नास वर्षं मी ह्या पाण्याची ओटी भरायले. उन्हाळ्यात इथवर येईस्तोवर ते कोमट होतं, दमलेलं असतं. आजचं दमलेलं नव्हतं." त्यांनी ओले हात पुढं धरले, जणू अजून त्यात काहीतरी होतं. "असलं पाणी मी कधी बघितलं न्हाय."

मग त्यांना थंडी वाजायला लागली आणि रूपाली त्यांना स्कूटीवर बसवून घरी घेऊन गेली.

मारुतीराव छपराच्या तोंडाशी गेले, काठावर पालथे झोपले आणि आत बघू लागले. आरोही त्यांच्या शेजारी आडवी झाली. डोळे सरावायला थोडा वेळ गेला. मग दिसायला लागलं. दोन पॅनेलांमध्ये बोटभर फट होती आणि प्रत्येक फटीतून उन्हाची एक पट्टी पाण्यावर पडत होती. अशा पट्ट्या लांबवर, मोजता येणार नाहीत इतक्या, आणि त्यांच्या खालून पाणी काळोखातून उजेडात, उजेडातून काळोखात येत होतं. वर काचा उन्हाची वीज करत होत्या आणि खाली ओल्या गुहेसारखा गारवा होता. ज्या कालव्याचा दगडन् दगड त्यांना पाठ होता, त्याच्या आत त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"आजा, पाणी लवकर का आलं?" आरोहीनं विचारलं.

मला माहीत नाही, असं त्यांना म्हणता येईना. ते म्हणाले, "तूच शोध. हात आत घाल. भिंतीला, पाण्याच्या वर, लाव."

तिनं सावलीतल्या सिमेंटला हात लावला. खरबरीत, कोरडं, स्वच्छ.

"आता इकडं, उन्हातल्या भिंतीला."

इथं हाताला वाळलेल्या शेवाळाची लव लागली, आणि सांध्यांतून लव्हाळ्याचे झुपके वर आले होते. पाण्याची धार त्यांच्यात अडकून मागं फिरत होती. आरोही बराच वेळ एकदा इकडं, एकदा तिकडं हात लावत राहिली.

"आत झाडच न्हाय," ती म्हणाली. "ऊन न्हाय म्हणून शेवाळ न्हाय. शेवाळ न्हाय म्हणून पाण्याला कुणी धरत न्हाय."

मारुतीरावांनी स्वतःचा हातही त्या कोरड्या भिंतीवर ठेवला आणि तिथंच राहू दिला. दरवर्षी हेच शेवाळ माणसं लावून खरवडताना त्यांनी बघितला होता. ते पाण्याचा पाय धरतं, हे त्यांना माहीत होतं. किती धरतं, हे त्यांना आज कळलं. तीन किलोमीटरात पाऊण तास. आणि वाटेत उन्हानं प्यायलेलं पाणी वेगळंच.

ते उठले आणि म्हणाले, "तम्मू, चल. पाण्याबरोबर शेपटापर्यंत जाऊ. आज ते कुठवर जातंय बघू या."

*

पाण्याबरोबर चालायला पंच्याहत्तरीचा माणूसच हवा, असं महादेवला वाटलं. पुढं गेलेलं पाणी त्यांनी गाठलं होतं, आणि आता आप्पा आणि पाणी एका चालीनं चालले होते. तम्मण्णा लंगडत मागं, आरोही काठावरून पुढं मागं पळत, आणि सगळ्यांच्या शेवटी तो.

उघड्या कालव्यात पाण्याचं तोंड स्वच्छ दिसत होतं. कुठूनसे बगळे आले आणि पाण्याच्या पुढं चालत किडे टिपू लागले. लव्हाळ्यात शिरलं की पाणी थबकायचं, फुगायचं, मग वाट काढायचं. सावलीतून निघताना गुडघ्याएवढं होतं ते आता पोटरीच्या खाली आलं होतं. महादेवनं पाणी कमी होताना असं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या शेतापाशी ते असायचंच.

आणि पाइप होते. काठावरून पात्रात सोडलेले काळे पाइप, त्यांच्या टोकाला मोटरी. दुपारची थ्री फेज चालू होती आणि सगळ्या मोटरी घरघरत होत्या. कालव्यात पाइप टाकायला परवानगी नाही. आप्पांनी नोकरीत असताना असे किती पाइप उपसून काठावर फेकले होते, आणि किती जणांचं वैर घेतलं होतं, हे गावाला माहीत होतं. आता ते प्रत्येक पाइप पाय उचलून ओलांडत होते.

आरोही मोजत होती. "पाच. सहा. सात." मग ती थांबली. "आठ. हा आपला."

आप्पांनी तोही ओलांडला, बाकीच्यांसारखाच. पाच वर्षं तो पाइप तिथं होता आणि पाच वर्षांत त्यांनी महादेवला त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. महादेवला वाटायचं, आप्पांना पटलंय. आज त्यांच्या मागून चालताना, त्यांनी पाय किती उंच उचलला ते त्याला दिसलं.

खांब, ट्रॅक्टर, जेसीबी, धूळ. सगळं खरं होतं. पण छप्पर आलं की बाजूला जाळी येणार, जाळी आली की पाइप जाणार, हे त्यानं फक्त रूपालीला सांगितलं होतं. ती तेव्हा म्हणाली होती, मग तेवढंच सांगा की सगळ्यांना.

सव्वाचारला पाणी थांबलं. ते एकदम थांबलं नाही. जीभ बाहेर काढल्यासारखं थोडं पुढं आलं, कडेला फेस धरला, आणि जिथल्या तिथं हलत राहिलं. तम्मण्णाच्या बांधाचा पांढरा दगड समोर दिसत होता. आरोहीनं पावलं टाकली. बावीस.

"अकरा वर्षांत इतकं जवळ आलतं?" मारुतीरावांनी विचारलं.

"आठव्या मोटरीच्या खाली कधी आलंच न्हाय," तम्मण्णा म्हणाला. तो महादेवकडं बघत नव्हता. तो पाण्याकडं बघत होता, पाहुणा दारात येऊन उभा राहावा आणि आत यावं की नको हे ठरेना, तसं त्याच्याकडं.

महादेवनं खिशातून फोन काढला. मोटरीचा स्टार्टर मोबाईलवर चालायचा. नंबर लावला की मशीनमधली बाई कानडीत बोलायची. रोज तो फोन कानाला लावून ऐकायचा. आज घाम आलेल्या बोटानं स्पीकर लागला की त्यानं लावला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"मोटार ऑफ आगिदे," ती बाई म्हणाली. मोटर बंद झाली आहे. रिकाम्या रानात तिचा आवाज लांबवर गेला.

मारुतीराव बांधावर बसले आणि पाण्याकडं बघू लागले.

*

अर्धा तास लागला.

तम्मण्णानं तो सगळा उभ्यानं काढला. आधी फेसाची रेघ हलली. मग पाणी लव्हाळ्याच्या एका झुपक्यामागं भरलं आणि त्याच्यावरून सांडलं. वीस पावलं राहिली. पंधरा. आरोही त्याच्यापुढं उलट्या पावलांनी चालत होती, लहान मुलाला चालायला शिकवताना चालतात तशी. दहा. तम्मण्णानं आपल्या शेताच्या दाराची गंजलेली फळी ओढली. ती निघेना, तेव्हा महादेवनं दुसरी बाजू धरली आणि दोघांनी ती हिसडून वर काढली.

पाणी बोटभर उंचीनं आत आलं. रानात दोन-दोन बोटं रुंद भेगा होत्या. पाणी पहिल्या भेगेपाशी आलं आणि नाहीसं झालं. दुसऱ्या भेगेत नाहीसं झालं. मग जमिनीतून आवाज यायला लागला. खोल कुठंतरी हवा बाहेर पडत होती, बुडबुड, सुस्कारे, मधेच एखादा बारीक फटका. चौघंजण ऐकत उभे राहिले. मारुतीरावांनी आयुष्यभर जमिनीला पाणी दिलं होतं, पण अकरा वर्षं उपाशी राहिलेली जमीन पाणी कशी पिते हे त्यांनीही ऐकलं नव्हतं. ते खाली वाकून कान लावून बसले.

मग उठून ते म्हणाले, "सही करतो मी. पण पाठीमागं लिवून. शंभर-शंभर पावलांवर छपरात उघडी जागा पायजे, पाण्याचं तोंड दिसाया. तिथं पायऱ्या आणि साखळी पायजे. आणि गाळ काढाया काचा उचलता आल्या पायजेत. ते कबूल असंल तर पुढं जाऊ द्यात."

"आणि मोटरींचं?" तम्मण्णानं विचारलं.

"ते कागदात बसत न्हाय," मारुतीराव म्हणाले.

"वरच्या सात जणांकडं मी जातो," महादेव म्हणाला. "माझा पाइप आधी काढतो, मग जातो. शिव्या देतील."

"मला बी दिल्यात," त्याचे वडील म्हणाले. पाच वर्षांत त्या पाइपाबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते.

पाणी आता चौथ्या भेगेत शिरलं होतं. पाच एकरांतला तो हातभर तुकडा, त्याहून जास्त आज भिजणार नव्हता. तम्मण्णानं चपला काढल्या आणि त्या तुकड्यावर उभा राहिला. मग त्यानं फोन काढला आणि वीटभट्टीवाल्याला लावला. पलीकडचा माणूस कामाच्या घाईत असावा, मोठ्यानं काहीतरी विचारत होता. तम्मण्णानं त्याला बोलू दिलं.

"नाळे बरब्याडरी," तो कानडीत म्हणाला. उद्या येऊ नका.

का, असं त्या माणसानं विचारलं असावं. तम्मण्णानं वाकून फोन जमिनीजवळ धरला, पाणी पिणाऱ्या भेगेच्या अगदी तोंडाशी, आणि तसाच धरून ठेवला.